पोस्टर की कापड?

प्रिय मुली,

तुझी फाइल सावकाश पाहिली. पोस्टरं चांगली आहेत, कापडावरचे नमुने त्याहून चांगले. तरीही ‘दोन्ही दगडांवर पाय नको, एक काहीतरी धर’ असं घरी-दारी ऐकून तू कासावीस झालीस. मी तसं सांगणार नाही. एनिड मार्क्स या इंग्रज नक्षीकार बाईचं काम बघ. (कार्ल मार्क्सची लांबची नातलग, पण त्याचा तिच्या नक्षीशी काही संबंध नाही.)

जन्म 1902 चा, लंडनचा. रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ती शिकली आणि 1925 मध्ये शेवटच्या परीक्षेत नापास झाली, कारण तिचं काम फार अमूर्त ठरलं. लाकडी ठोकळ्यावर चित्र कोरून ते छापायच्या वर्गात तिला घेतच नव्हते. पुढे नावाजलेला चित्रकार एरिक रॅव्हिलियस तिच्याबरोबर शिकत होता. वर्ग सुटल्यावर तो तिला आत घेऊन शिकवायचा. तू मार्कांवर दोन पानं लिहिलीस म्हणून हे सांगितलं. तो विषय आता पुरे.

मग ती फिलिस बॅरन आणि डोरोथी लार्चर यांच्याकडे उमेदवारीला गेली. लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये या दोघी लाकडी ठशांनी कापड छापायच्या. यातली लार्चर म्हणजे लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीच्या चमूत राहून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करणारी. नंदलाल बोसही त्याच कामावर होते. तिथे एनिड नीळ, मंजिष्ठ, कात यांच्या रंगात हात बुडवून शिकली. 1927 मध्ये तिने स्वतःची जागा घेतली. नमुना तिचा, ठसा कोरायचा तिने, छापायचंही तिनेच. तू संगणकावर रिपीट लावतेस, म्हणजे एकच तुकडा पुन्हा पुन्हा शेजारी जोडतेस, आणि तो लगेच जुळतो. पण कापड भिंतीवर टांगलं की जोडाची रेघ लांबूनही डोळ्यात भरते, ते पडद्यावर कळत नाही. ठसे छापणाऱ्या एखाद्या कारागिराकडे सुट्टीत जा. पहिले काही दिवस तो तुला नुसतं कापड धुवायला लावेल. धू.

1937 मध्ये लंडन ट्रान्सपोर्टने, म्हणजे शहरातल्या बस आणि भुयारी रेल्वे चालवणाऱ्या संस्थेने, तिला गाडीतल्या आसनांसाठी मोकेटचे नमुने करायला सांगितले. मोकेट म्हणजे लव असलेलं, जाड, घट्ट विणलेलं लोकरी कापड. त्यावर दिवसभर माणसं बसणार, कोळशाच्या धुराची काजळी बसणार, कामगारांचे मळके कपडे घासणार, आणि कापड तरी ताजं दिसायला हवं. म्हणून रंगछटांत ठसठशीत विरोध हवा. पण विरोध फार झाला की धावत्या गाडीत प्रवाशाच्या डोळ्यांपुढे नक्षी नाचू लागते. या दोन अडचणींच्या मधल्या जागेत तिचे नमुने जन्मले. माझ्या मते तिचं सर्वोत्तम काम ते हेच. संग्रहालयात काचेमागे असतं त्यापेक्षा हे अवघड.

युद्धकाळात, 1943 पासून, सरकारच्या ‘युटिलिटी’ फर्निचरसाठी, म्हणजे टंचाईत ठरवून दिलेल्या साध्या फर्निचरसाठी, तिने कापडं केली. सूत कमी, रंग मोजके. रिपीटही लहानच ठेवायचा, कारण मोठी नक्षी खुर्चीवर जुळवताना कापड कातरून वाया जातं. 1944 मध्ये ती ‘रॉयल डिझायनर फॉर इंडस्ट्री’ झाली, हा ब्रिटनमधल्या डिझायनरांचा मानाचा किताब. नापास झाल्याला तेव्हा 19 वर्षं झाली होती.

आणि पोस्टरं? तीही तिने केली, त्याच लंडन ट्रान्सपोर्टसाठी, प्राणिसंग्रहालयाची, पन्नाशीनंतर. पुस्तकांची वेष्टनं केली, टपाल तिकिटं केली, मुलांची पुस्तकं केली. डोरा बॅटी या दुसऱ्या इंग्रज डिझायनरनेही लंडनच्या भुयारी रेल्वेची पोस्टरं केली आणि पुढे सेंट्रल स्कूल या तिथल्या कलाशाळेचा कापड विभाग सांभाळला. म्हणजे ‘एकच धर’ हा नियम कुणाचा, ते मला कळत नाही.

फरक आहे तो बघणाऱ्याचा. पोस्टर चालता चालता, लांबून, काही सेकंद दिसतं. त्याला एक ठळक गोष्ट पुरते. कापड वर्षानुवर्षं जवळून दिसतं, अंगावर येतं, मळतं, धुतलं जातं, कशाच्या तरी घडीत अर्धं लपतं. तुझ्या हिरव्या पोपटांच्या पोस्टरमधले पोपट तसेच्या तसे तू साडीवर टाकलेस, तिथे फसलीस. निऱ्यांमध्ये पोपटांच्या चोचीच तेवढ्या उरतील. काम हाती घेण्याआधी हे कुठे, किती लांबून आणि किती काळ बघितलं जाणार ते विचारत जा. गिऱ्हाईक वैतागलं तरी विचार.

पैशाचं थोडक्यात. नमुना कायमचा विकतेस की ठरावीक वापरासाठी देतेस, हे कागदावर लिहून घे. रंग बदलून त्यांनी तोच नमुना पुन्हा छापला तर काय, हेही. शिकवण्याची नोकरी मिळाली तर कमीपणा मानू नकोस. एनिडनेही क्रॉयडनच्या कॉलेजात विभाग सांभाळला आहे.

आता पोपटांचा नमुना निऱ्यांचा विचार करून पुन्हा कर, दोनच रंगांत. कागदावर नको, दीड मीटर सुती कापडावर छापून पाठव. पदर वेगळा ठेव, तो मी आधी बघेन.

तुझी,
ताई