डिजिटल ट्विन म्हणजे सिम्युलेशनचंच नवं नाव आहे का? मटेरियल इंजिनिअरिंगमध्ये त्याचा वेगळा उपयोग काय?

डिजिटल ट्विन म्हणजे खऱ्या मशीनचे चालू आकडे घेत त्याच्याबरोबर बदलत राहणारं संगणकातलं मॉडेल. पण बऱ्याच ठिकाणी हो, नुसतं नवं नावच आहे. मशीनचं फिरणारं थ्रीडी चित्र आणि शेजारी तापमानाचे आकडे, एवढंच ट्विन म्हणून खपवलं जातं. मी त्याला डॅशबोर्ड म्हणतो. पण मटेरियलच्या बाबतीत फरक खरोखर पडतो, कारण तिथे हवी ती गोष्ट थेट मोजताच येत नाही.

गिअरचं कार्ब्युरायझिंग घ्या. गिअर साधारण ९०० ते ९५० अंश सेल्सिअसला कार्बनयुक्त वायूत काही तास ठेवतात. कार्बन पृष्ठभागातून आत मुरतो आणि क्वेंचिंगनंतर (झटकन थंड केल्यावर) वरचा थर कडक होतो, गाभा चिवट राहतो. कार्बन किती खोल गेला हे भट्टी चालू असताना कुठलाच सेन्सर दाखवत नाही. थर्मोकपलवरून तापमान कळतं, ऑक्सिजन प्रोबवरून वायूचं कार्बन पोटेन्शियल, म्हणजे तो पोलादाला किती कार्बन देऊ शकतो ते. केस डेप्थ (कडक थराची खोली) कळते ती नंतर, टेस्ट पीस कापून हार्डनेस घेतल्यावर (सहसा हार्डनेस ५५० विकर्सपर्यंत उतरतो तिथवरची खोली धरतात).

सिम्युलेशन आधीच करून ठेवलेलं असतं: इतकं तापमान, इतके तास, इतकी खोली. पण एखादा चार्ज (भट्टीत एकावेळी घातलेला माल) जड असतो, तापायला वेळ घेतो, मध्येच वायूचा पुरवठा कमी होतो. ट्विन मात्र या प्रोबचे चालू आकडे घेऊन, फिकच्या विसरणाच्या नियमाने, समोरच्याच चार्जमध्ये कार्बन आत्ता कुठवर पोचलाय ते काढत राहतो आणि गरज पडली तर वेळ वाढवतो. खोली वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट खोलीला चौपट वेळ. नंतर टेस्ट पीसचा निकाल परत मॉडेलमध्ये भरायचा आणि त्याचे गुणांक सुधारायचे. ही शेवटची पायरीच बहुतेक जण गाळतात, आणि मग भट्टी जुनी होत जाते तसं मॉडेल चुकायला लागतं.

२०१८ च्या एका शोधनिबंधात केलेली वर्गवारी मला सोयीची वाटते. माहिती हाताने भरावी लागली तर मॉडेल, मशीनकडून आपोआप आली तर शॅडो, आणि उलट दिशेने मशीनला आज्ञाही गेली तरच ट्विन. गंमत म्हणजे असं गणित करणारे कार्बन कंट्रोलर ‘डिजिटल ट्विन’ हे नाव गाजण्याच्या बरेच आधीपासून भट्ट्यांवर आहेत. मायकेल ग्रीव्ह्ज यांनी मूळ कल्पना २००२ मध्ये मांडली, नाव रुळलं २०१० च्या सुमारास नासाकडून.

मेटल थ्रीडी प्रिंटिंगमध्ये, म्हणजे धातूची पावडर लेसरने थराथराने वितळवून वस्तू बनवताना, मात्र अजून अवघड आहे. लेसर सेकंदाला मीटरभर वेगाने फिरतो, वितळलेला ठिपका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. त्याचं पूर्ण भौतिकी गणित प्रिंटिंगच्या वेगाने होणं अशक्य, म्हणून त्या गणिताच्या आधी काढलेल्या उत्तरांवर शिकवलेलं हलकं मॉडेल वापरतात. ज्या लेसर पॉवर आणि वेगाच्या पट्ट्यात ते शिकवलंय तेवढ्यापुरताच त्याच्यावर भरवसा ठेवावा. पावडर बदलली की नमुने कापून सच्छिद्रता पुन्हा बघावीच लागते.