कोरीवकाम शिकताय? आधी कोरणीला धार लावायला शिका

नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेवर हाताने नाव घालताना पाहून तुम्हालाही हे करावंसं वाटलं, याचा फार आनंद झाला. लगेच गणपती किंवा वेलबुट्टी कोरायला मात्र घेऊ नका.

नवशिक्याचा हात सटकतो तो बहुतेकदा बोथट कोरणीमुळे. टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवा. घसरलं तर धार गेली, जागीच रुतलं तर काम सुरू करा. नवीन कोरणी दुकानातून आली म्हणजे तयार असेलच असं नाही. पहिले काही दिवस निम्मा वेळ सहाणेवर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, गेला तरी चालेल, तो वाया जात नाही.

एकच चौकोनी कोरणी पुरे. सरावाला दीड मिलिमीटरची तांब्याची किंवा पितळेची पट्टी घ्या, ॲल्युमिनियम नको, ते टोकाला चिकटतं. पट्टी राळेवर (तिला चिकटवून धरणाऱ्या डिंकासारख्या थरावर) किंवा शेगड्यात (व्हाइसमध्ये) घट्ट बसवा.

मग नुसत्या सरळ रेघा. सारख्या खोलीच्या, सारख्या अंतराच्या. कोरणी खोल घुसत असेल तर मूठ जरा खाली करा, वरून निसटत असेल तर किंचित उचला. कीस बारीक तारेसारखा सलग वळत निघाला की कोन जमला.

वळणदार रेघेला मनगट फिरवू नका, पट्टी फिरवा. ही चूक जवळपास सगळेच करतात.

- दुसऱ्या हाताची बोटं टोकासमोर कधीच नकोत.
- डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच.

अक्षरं त्यानंतर. सुरुवात ‘ग’ आणि ‘म’ने करा, शिरोरेषा शेवटी ओढा. चांदी आणि खडे बसवणं सध्या बाजूला ठेवा. पहिली पट्टी भरली की फोटो टाका, रेघा बघून सांगतो.