अटॅचमेंटला ‘आसक्ती’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: प्रौढांची अटॅचमेंट (आधार देणाऱ्या जवळच्या माणसाशी जुळलेला भावनिक बंध), ताणाशी होणारं कोपिंग (ताण पेलण्याची धडपड) आणि मानसिक वेल-बीइंग (मनाने बरं असणं) यांच्या परस्परसंबंधावरचा शोधनिबंध मराठीत लिहायचा आहे. कोशांतून आसक्ती, सामना आणि कल्याण हे शब्द मिळाले. ते वापरावेत का?

माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्यातही आसक्तीला माझा सर्वांत जास्त विरोध आहे.

‘आसक्ती’च्या मुळाशी सञ्ज् हा धातू आहे. त्याचा अर्थ चिकटणं. ‘संग’ही त्याच धातूचा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनातून संग, संगातून काम आणि कामातून क्रोध अशी उतरंड सांगितली आहे. शतकानुशतकं ही शिकवण कानांवर पडत आल्यामुळे मराठी माणसाला आसक्ती म्हणजे सोडून देण्याची गोष्ट वाटते. उलट ‘अनासक्त’ म्हटलं की आदराने मान लवते.

अटॅचमेंटचा सिद्धांत मांडणारे ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांचं म्हणणं याच्या नेमकं उलटं होतं. 1969 मध्ये आलेल्या त्यांच्या ‘अटॅचमेंट अँड लॉस’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात त्यांनी मांडलं, की भीती वाटली, दुखलंखुपलं की आपल्या माणसाकडे धाव घेणं ही मुलाची उपजत प्रेरणा आहे. ती मुलाला जगवते. पाठीशी कुणी आहे अशी खात्री असलेलं मूल जास्त मोकळेपणाने दूर जातं, नवं काही धुंडाळतं. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या आई-मुलांच्या निरीक्षणांनी याला भक्कम आधार दिला. म्हणजे इथे बंध घट्ट असण्यातूनच स्वावलंबन येतं. आसक्ती म्हटलं की ही मांडणी वाचकाच्या मनात पहिल्याच ओळीला उलटी होते.

पुढे तर अनर्थच होतो. या संशोधनात ज्यांना ‘अव्हॉयडंट’ म्हणतात ती माणसं जवळीक टाळतात, मन उघडं करत नाहीत, कुणावर विसंबत नाहीत. अटॅचमेंट आसक्ती झाली, तर ही माणसं ओघानेच अनासक्त किंवा अलिप्त ठरतील. हे दोन्ही शब्द मराठीत गौरवाचे आहेत. अनासक्ती ही साधनेतून आलेली मोकळीक आहे. जवळीक टाळणं हा बहुधा पूर्वी दाद न मिळाल्यामुळे शिकलेला बचाव असतो. या दोन्हींना एकच नाव देणं दोन्हींवर अन्याय आहे.

मग ‘लळा’ का नको? मला तो शब्द फार प्रिय आहे आणि बाळांपुरता तो अचूकही आहे. त्याला दिशा आहे. बाळाला आजीचा लळा लागतो; आजीची बाळावर माया असते. आधार शोधणाऱ्याची भावना वेगळी आणि आधार देणाऱ्याची वेगळी, हा बोल्बींनी काळजीपूर्वक केलेला भेद मराठी बोलीने दोन शब्दांत आधीपासूनच जपला आहे. पण सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये हीच कल्पना प्रौढांच्या प्रेमसंबंधांना लावली, तेव्हा दिशा बदलली. जोडीदार एकमेकांचे आधार असतात. आज हा टेकतो, उद्या ती. तिथे ‘पतीला पत्नीचा लळा’ कानाला खटकतं. ‘ओढ’ही चालत नाही. ओढ जाणवते ती ताटातुटीत, आणि ज्याची खात्री पक्की आहे त्याला ती कमीच छळते. ‘संलग्नता’ तर महाविद्यालयांची आणि अर्जासोबतच्या कागदांची.

मी ‘अनुबंध’ सुचवेन. ‘ऋणानुबंध’मुळे त्याला पूर्वसंचिताची थोडी छटा आहे हे खरं, पण एकटा ‘अनुबंध’ ती फारशी वाहत नाही. मुख्य म्हणजे तो चांगलंवाईट ठरवत नाही. ते काम विशेषणांवर सोडतो.

विशेषणंही जपून निवडावीत. ‘सुरक्षित अनुबंध’ म्हटलं तर अनुबंधाला धोका नाही असा अर्थ निघतो. सांगायचं असतं की माणूस निर्धास्त आहे. म्हणून ‘निश्चिंत अनुबंध’. समोरचा आपल्याला सोडून तर जाणार नाही ना, या धास्तीत असणाऱ्यासाठी ‘साशंक’. जवळीक टाळणाऱ्यासाठी ‘अंतर राखणारा’. टाळाटाळ म्हटलं तर कामचुकारपणाचा वास येतो. मात्र ही माणसांची पक्की खाती नव्हेत. 1998 मध्ये ब्रेनन, क्लार्क आणि शेव्हर यांनी केलेल्या 36 विधानांच्या प्रश्नावलीत धास्ती आणि अंतर या दोन मोजपट्ट्या आहेत, आणि प्रत्येक जण दोन्हींवर कुठे ना कुठे असतो. म्हणून ‘तो साशंक आहे’पेक्षा ‘त्याच्यात धास्ती जास्त आहे’ असं लिहिणं प्रामाणिक.

कोपिंगची अडचण निराळी. ताणाचे अभ्यासक लाझारस आणि फोकमन यांच्या 1984 च्या व्याख्येत कोपिंग म्हणजे ताण पेलण्याची धडपड, मग ती यशस्वी होवो वा न होवो. ‘सावरणं’, ‘निभावून नेणं’ यांत यश गृहीतच आहे. ‘सामना’ आणि ‘तोंड देणं’ यांत समोरासमोर भिडणं आहे. पण विषय डोक्यातून काढून टाकणं, कुणाजवळ रडणं हेही कोपिंगच. 1991 च्या आखाती युद्धात इस्रायलवर क्षेपणास्त्रं पडली, त्यानंतर मानसशास्त्रज्ञ मिकुलिन्सर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या तरुणांचा अभ्यास केला. निश्चिंत अनुबंधाच्या लोकांनी इतरांचा आधार जास्त शोधला, साशंक लोक आपल्या भावनांतच गुंतले, आणि अंतर राखणाऱ्यांनी घटनेपासूनही अंतर राखलं. या तिन्हींना ‘सामना’ कसं म्हणणार? ‘ताण हाताळणं’ हा साधा प्रयोग तिघांनाही सामावून घेतो.

वेल-बीइंगला ‘स्वास्थ्य’ म्हणा. कल्याण म्हटलं की आशीर्वाद किंवा सरकारी योजना आठवतात. हिंदीत स्वास्थ्य म्हणजे आरोग्य, पण मराठीत ‘मनाला स्वास्थ्य नाही’ म्हणणारा माणूस आजारी असतोच असं नाही. मानसशास्त्रज्ञ कॅरोल रिफ यांनी 1989 मध्ये वेल-बीइंगची स्वतःचा स्वीकार, जगण्याला हेतू, स्वायत्तता, जिव्हाळ्याची नाती अशी जी सहा अंगं मांडली, ती या शब्दात चपखल बसतात. ‘आरोग्य’ मग ‘हेल्थ’साठी मोकळं राहतं.

शोधनिबंधासोबत प्रश्नावलीही मराठीत करणार असाल, तर तिथे यातला एकही शब्द नको. ‘अनुबंध’ हा अभ्यासकांचा शब्द. उत्तर देणाऱ्याला ‘मन अस्वस्थ असलं की मी जोडीदाराशी बोलतो किंवा बोलते’ असं विचारा आणि ‘कधीच नाही’पासून ‘नेहमीच’पर्यंतचे पर्याय पुढे ठेवा.