शेवळाची भाजी खाऊन घसा खाजला, म्हणजे विकणाऱ्या बाईंनी फसवलं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाणे स्टेशनबाहेर बसणाऱ्या आदिवासी बाईंकडून शेवळं घेतली, व्हिडिओ बघून भाजी केली आणि जेवताना घरातल्या सगळ्यांच्या जिभेला, घशाला खाज सुटली. माल विषारी होता का, बाईंनी फसवलं का, आणि रानभाज्या खरंच आरोग्याला चांगल्या असतील तर लहान मुलांना कोणत्या द्याव्यात?

नाही, फसवलं नाही. शेवळं खाजतातच. तुमच्या प्रश्नात काकडांचा, म्हणजे शेवळांत घालायच्या आंबट-तुरट रानफळांचा, उल्लेख कुठेच नाही, म्हणजे ती घेतली नसणार. अर्धं उत्तर इथेच संपलं.

शेवळं म्हणजे अळू-सुरणाच्या कुळातल्या कंदाचा फुलोरा. शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस, सुरणाचा सख्खा चुलतभाऊ. पहिल्या पावसाच्या आगेमागे कंदातून आधी फुलोरा वर येतो, पान नंतर. या कुळातल्या झाडांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांचे जुडगे असतात. सुई इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नाही. चावलं की पेशी फुटते आणि सुया जिभेच्या, टाळ्याच्या नाजूक त्वचेत घुसतात. नुसत्या सुया असत्या तर एवढा त्रास झाला नसता. सुयांच्या जोडीला प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) असली की दाह कैक पटींनी वाढतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. शिजवल्याने सुया वितळत नाहीत, कॅल्शियम ऑक्झलेट चुलीच्या आचेला दाद देत नाही. पण विकरं उष्णतेने निकामी होतात, फक्त भाजी आतपर्यंत नीट शिजायला हवी. त्यामुळे 'दहा मिनिटं वाफ काढली' हा प्रकार शेवळाला पुरत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. हा प्रश्न वाचून मी लिहायला बसलो तो आमच्या मेव्हण्यामुळे. तो घणसोलीला राहतो, जिमला जातो आणि सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी एक 'सुपरफूड' टाकतो. एका जूनमध्ये आम्ही दोघं ठाण्यात बाजारात होतो. मावशींकडे दोन प्रकारच्या जुड्या होत्या, मिटलेल्या शेवळांच्या आणि थोड्या उमललेल्या. उमललेली स्वस्त होती, त्याने ती उचलली. मावशींनी हिरव्या काकडांचा वाटा पुढे केला आणि म्हणाल्या, "दादा, काकडं घे, नायतर टाळूला खाजंल." मेव्हण्याचं उत्तर, "लिंबू आहे घरी." मी सांगून पाहिलं. मला 'जुन्या पद्धतीचा माणूस' ठरवण्यात आलं.

घरी जाऊन त्याने काय केलं ते नीट सांगतो, कारण करू नये ते सगळं त्यात आहे. पहिलं, उमललेली शेवळं. हा फुलोरा उमलला की सडका वास सोडतो, कारण परागीभवनाला माशा आणि भुंगे लागतात. बाजारात मिटलेलं शेवळं मागतात ते उगाच नाही. दुसरं, आतला पिवळा दाणेदार भाग त्याने ठेवला. 'परागकणांत प्रोटीन असतं' म्हणे. तिसरं, चिरल्यावर धुतलं. चौथं, फक्त दहा मिनिटं उकळलं आणि ते पाणी ठेवलं, जीवनसत्त्वं जाऊ नयेत म्हणून. पाचवं, शेवटी वरून लिंबू पिळून, शेंगदाणे घालून सॅलड केलं. संध्याकाळी सासऱ्यांना चहाचा घोट गिळवेना. आणि रात्री यानेच कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं की या बायका विष विकतात, महापालिकेने त्यांना स्टेशनबाहेरून उठवावं. तो मेसेज मी अजून विसरलेलो नाही. ज्या बाईने फुकट सल्ला दिला, तिलाच उठवायचं!

तर आता रीत. दोन जुड्यांना, म्हणजे वीस-बावीस शेवळांना, पंधरा ते वीस काकडं घ्या. काकडं म्हणजे काकड नावाच्या जंगली झाडाची आवळ्यासारखी दिसणारी हिरवी फळं, चवीला आंबट-तुरट. ही शेवळांच्या शेजारीच मिळतात. नसतीलच तर लिंबाएवढी चिंच, पण चव तीच येत नाही.

हाताला आधी खोबरेल तेल चोळा. शेवळं अख्खी असतानाच धुवा आणि कोरडी पुसा. ओल्या शेवळांनी हात जास्त खाजतात. खालचा जून देठ आणि बाहेरची एक-दोन जाड सालं टाका. मग शेवळं उभं उघडा. आत एक दांडा दिसेल. त्याच्या तळाशी मादी फुलं, त्यावर पिवळसर दाणेदार नर फुलं आणि सगळ्यात वर गुळगुळीत जांभळट निमुळतं टोक. फुलांचा भाग, खालचा आणि पिवळा दोन्ही, बोटाने खुडून टाका. एकाही शेवळात राहू देऊ नका, खाजेचा सगळ्यात मोठा तडाखा इथूनच येतो. वरचं टोक, कोवळा दांडा आणि आतलं कोवळं आवरण ठेवा. हे सगळं अगदी बारीक चिरा. जाड तुकडा आतून कच्चा राहतो.

काकडं ठेचून बिया काढा, दोन वाट्या पाण्यात वाटून रस गाळून घ्या. कढईत चार-पाच चमचे तेल तापवून चिरलेली शेवळं मध्यम आचेवर परता. ती बसून निम्म्याहून कमी होतात. मग काकडाचा रस ओता आणि कुकरला तीन शिट्ट्या, किंवा झाकण ठेवून चांगली वीस-पंचवीस मिनिटं. आंबट सुरुवातीपासून हवं, भाजीने त्यात शिजायला हवं. वरून पिळलेलं लिंबू फक्त चवीपुरतं, खाजेच्या बाबतीत त्याचा उपयोग शून्य. ॲल्युमिनियमचं भांडं नको, आंबटाने ते खराब होतं आणि भाजीला धातूची चव येते.

यानंतरची पायरी सगळे गाळतात. शिजलेल्या शेवळांतला चिमूटभर भाग गार करून एकट्याने चावा आणि पाच मिनिटं थांबा. खाज आली तर आणखी चिंचेचा कोळ घालून पंधरा मिनिटं शिजवा. नाही आली तरच कांदा, आलं-लसूण, भाजलेलं खोबऱ्याचं वाटण, हळद, मसाला आणि सोललेली कोळंबी यांच्याकडे वळा. कोळंबी अगदी शेवटी, पाच-सात मिनिटांत होते. शाकाहारी घरांत भिजवलेली चणाडाळ किंवा सोललेले वाल चालतात. सीकेपी घरांत खिमा घालतात, तोही झकास लागतो. आंबटात शिजवलेली शेवळं गार करून फ्रीझरमध्ये ठेवता येतात, कच्ची मात्र कागदात गुंडाळून एक-दोन दिवसांत संपवा.

घसा खाजला तेव्हा गरम पाणी प्यायलात का? पुष्कळ लोक पितात. त्यापेक्षा चूळ भरून गार दही, गार दूध किंवा बर्फ चघळा. त्रास बहुधा काही तासांत उतरतो. ओठ-जीभ सुजली, लाळ गिळता येईना, श्वासाला त्रास झाला, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

'पाणी फेकलं की सत्त्व जातं' हा मेव्हण्याचा आणि माझा जुना वाद, तो इथेच मिटवून टाकतो. सी जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात उतरतात, हे खरं. तंतू उतरत नाहीत. पालेभाजीतलं बीटा-कॅरोटिन तेलात विरघळणारं, तेही बहुतेक भाजीतच राहतं. उलट विद्राव्य ऑक्झलेटचा मोठा वाटा त्या पाण्याबरोबर जातो आणि तो जायलाच हवा. सी जीवनसत्त्वासाठी एक पेरू खा, विषय संपला. शेवळात तसं चमत्कारिक पोषण काही नाही. ती चवीसाठी आणि वर्षातून दोन-तीनदा खायची भाजी आहे. रोज स्मूदीत घालायची नव्हे.

बांबूच्या कोंबांबाबत तर पाणी फेकणं जिवावरचं आहे. त्यात सायनाइड सोडणारं संयुग असतं. पातळ काप करा, रात्रभर पाण्यात ठेवा, ते पाणी ओता, मग झाकण न ठेवता उकळा आणि तेही पाणी ओता. झाकण उघडं ठेवायचं कारण हायड्रोजन सायनाइड वाफेबरोबर उडून जातो.

बाकीच्या रानभाज्यांपैकी टाकळा सोपा, पण स्वतः खुडायला जाल तर फसाल. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या, टोकाला गोलसर, आणि रात्री मिटणाऱ्या. शेजारीच उगवणाऱ्या कासविंद्याला चार-पाच जोड्या आणि टोकं अणकुचीदार. कासविंद्याच्या बिया खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात मुलं दगावली आहेत, यकृत, स्नायू आणि मेंदूवर परिणाम होऊन. शंका आली की ठेवून द्या.

फोडशीचा खालचा पांढरा भाग रेतीने भरलेला असतो. मधला टणक दांडा ओढून काढा, पानं सुटी करा आणि तीन-चार पाण्यांतून काढा. एका पाण्यात धुतलेली फोडशी दाताखाली करकरते आणि दोष पुन्हा मावशीला. हिच्या एका जातीचं शास्त्रीय नावच बोरिवलीवरून पडलंय, म्हणजे ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरापलीकडचीच. भारंगी कडू, ती उकळून घट्ट पिळायची आणि वालांबरोबर करायची. घोळीत ओमेगा-3 गटातलं मेदाम्ल असतं, पण ऑक्झलेटही भरपूर. ती ताकातली करतात ते बरोबरच आहे, ताकातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवतं.

स्वतः खुडण्याची हौस असेल तर दोन गोष्टी. ठाणे-बेलापूर रस्ता, घोडबंदर रस्त्याचा दुभाजक, रेल्वे रुळांची कड, नाल्याचा काठ इथला पाला कितीही लुसलुशीत दिसला तरी नको. वरची धूळ धुता येते, मुळांतून वर चढलेलं शिसं आणि कॅडमियम धुता येत नाही. आणि येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथून परवानगीशिवाय काहीही खुडून आणणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. शहापूर, मुरबाड, कर्जतकडून पहाटेच्या लोकलने पाट्या घेऊन येणाऱ्या बायकांकडून घ्या, आणि घासाघीस करू नका. पाच रुपयांसाठी वाद घालणारा माणूस त्याच संध्याकाळी तीनशेची कॉफी पितो, हे मी पाहिलंय. कोण ते सांगायला नको.

मुलांचं राहिलंच. कंटोळी द्या, तीही कोवळी. बिया कडक झाल्या असतील तर काढून. हल्ली बाजारातली बरीच कंटोळी लागवडीची असते, ती आकाराने मोठी, चालते. कुरडूची फुलं येण्याआधीची कोवळी पानं, माठ, नीट ओळखून घेतलेला टाकळा हे सगळं कांदा-खोबरं घालून मुलं खातात. शेवळं आणि रानअळू सात-आठ वर्षांखालच्या मुलांना मी देणार नाही. घशात काय होतंय हे त्यांना धड सांगता येत नाही.

आणि घरात कुणाला मूतखड्याचा त्रास असेल तर हे सगळं वाचायच्या आधी हे वाचायला हवं होतं: बहुतेक मूतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. त्यांनी शेवळं, घोळ, रानअळू डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नयेत, कितीही आंबट घातलं तरी. यंदा उरलेली जुडी उमलली असेल तर टाकून द्या. पुढच्या जूनमध्ये त्याच मावशींकडे जा, मिटलेली शेवळं मागा आणि त्या सांगतील तेवढी काकडं घ्या.