‘आई एरवी अशी नसते’ हे तुम्हालाच सांगावं लागेल

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला. घाईघाईत दोन ओळी लिहून मोकळं व्हायचं नव्हतं, म्हणून आज सवडीने लिहिते आहे.

तुम्ही लिहिलंत ते थोडक्यात असं: आई ७९ वर्षांच्या. बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं आणि ते व्यवस्थित झालं असं सर्जन म्हणाले. पण त्याच्या पुढच्या रात्रीपासून त्या बरळायला लागल्या. तुम्हाला ओळखेनात, हातातली सुई उपसून काढली, सहा वर्षांपूर्वी गेलेल्या तुमच्या वडिलांना हाका मारत राहिल्या. सकाळी मात्र बऱ्याच ठीक असतात. वॉर्डात विचारलं तर ‘वय झालंय, असं होतंच’ एवढंच उत्तर मिळालं. आईला आता कायमचं विस्मरण झालं का, आणि तुम्ही दोघं बहीणभाऊ नेमकं काय करू शकता, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. माझ्या वडिलांचं आणि आठ वर्षांनी सासूबाईंचं, अशी दोन मोठी आजारपणं मी खाटेशेजारी बसून काढली आहेत. दोघांचंही खुब्याचंच हाड मोडलं होतं. वडिलांच्या वेळी माझ्याकडून जे राहून गेलं, ते तुमच्याकडून राहू नये म्हणून हे लिहिते.

तुम्ही वर्णन केलंय त्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. डिमेन्शिया म्हणजे विस्मरणाचा आजार, तो महिने-वर्षं घेत हळूहळू वाढतो. डिलिरियम तासा-दिवसांत येतो आणि दिवसभरात कमीजास्त होत राहतो, संध्याकाळनंतर बहुतेक वेळा वाढतो. आई सकाळी नीट बोलतात हे तुमचं निरीक्षण म्हणूनच फार मोलाचं आहे, ते डॉक्टरांना नक्की सांगा. खुब्याच्या ऑपरेशननंतर वृद्ध माणसांना हे होण्याचं प्रमाण बरंच आहे. बहुतेकांचं काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतं, काहींना महिने लागतात. आधीपासून स्मरण थोडं कमी झालेलं असेल, तर ते या काळात उघडं पडतं आणि सगळं पूर्वीसारखं होतंच असं नाही. पण आज, ऑपरेशनला दोन-तीन दिवस झालेले असताना, ‘कायमचं’ हा शब्द कोणीच वापरू नये. तुम्हीही मनात आणू नका.

‘वय झालंय’ हे मात्र उत्तर नाही. वय परवाही तेवढंच होतं आणि परवा त्या तुम्हाला ओळखत होत्या. डिलिरियम म्हणजे शरीरात कुठेतरी काहीतरी बिघडल्याची खूण असते, आणि ते काय हे शोधावं लागतं. दुखणं पुरेसं आटोक्यात नसणं, लघवी तुंबणं, पोट साफ न होणं, अंगातलं पाणी कमी होणं, लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम किंवा साखर खाली-वर होणं, ऑक्सिजन कमी पडणं, हिमोग्लोबिन उतरणं, एखादं नवीन औषध सुरू होणं किंवा जुनं अचानक बंद होणं. पुष्कळदा एक नव्हे, तीन-चार कारणं एकत्र असतात. राउंडला डॉक्टर आले की शांतपणे विचारा, ‘आईला डिलिरियम झालाय असं वाटतंय, त्याचं कारण शोधण्यासाठी काय काय तपासलंय?’ फक्त हाडाचे डॉक्टर बघत असतील, तर फिजिशियनना बोलवायची विनंती करा. आणि आई वर्षानुवर्षं झोपेची गोळी घेत असतील तर ते आधी सांगा. अशी गोळी एकाएकी बंद झाली तरी माणूस बरळू शकतो, आणि नव्याने सुरू केली तरी डिलिरियम वाढू शकतो.

आता माझ्या वडिलांचं सांगते. ते बरळले नाहीत. ऑपरेशननंतर ते गप्प झाले. डोळे मिटून पडून राहायचे, हाक मारली की ‘हूं’ म्हणायचे. आम्ही सगळे म्हणायचो, थकलेत, झोपू दे. भेटायला येणाऱ्यांनाही मी दारातच थांबवायची. तिसऱ्या दिवशी एक फिजिशियन आले. त्यांनी वडिलांना वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगितले. वडील ‘डिसेंबर’ म्हणून थांबले आणि पुन्हा डोळे मिटले. मग डॉक्टरांनी मला विचारलं, ‘घरी एरवी कसे असतात?’ मी म्हटलं, पहाटे उठतात, घराचा सगळा हिशेब तेच ठेवतात, एक आकडा चुकत नाही. ते म्हणाले, ‘मग हे तीन दिवस तुम्ही कोणाला सांगितलं का?’ मी सांगितलं नव्हतं. वॉर्डात सगळ्यांना वाटत होतं की हे आजोबा असेच असतील. हाही डिलिरियमच होता, गप्प करणारा, आणि तो सहज नजरेतून सुटतो. त्यांची लघवी तुंबली होती आणि छातीत न्युमोनिया सुरू झाला होता. ते त्यातून बाहेर आले, पण त्या तीन दिवसांची किंमत त्यांच्या पायांनी पुढे कितीतरी महिने मोजली.

तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. रुग्णालयात दर आठ-बारा तासांनी माणसं बदलतात. त्यातल्या कोणीच तुमच्या आईला पडण्याआधी पाहिलेलं नाही. त्या एरवी कशा असतात हे तिथे फक्त तुम्हाला आणि तुमच्या बहिणीला माहीत आहे. म्हणून सासूबाईंच्या वेळी मी पहिल्याच दिवशी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं: घरात काठीशिवाय चालतात, जिना एकट्या चढतात. ऐकायला उजव्या कानाने बरं येतं. चष्म्याशिवाय माणूस ओळखत नाहीत. रात्री दोनदा लघवीला उठतात. दुखलं तरी ‘नाही’ म्हणतात, कपाळाला आठ्या पडल्या की दुखतंय असं समजावं. खाली सगळ्या औषधांची नावं, मात्रा, वेळा आणि कोणत्या औषधाचा त्रास होतो ते. तो कागद खाटेच्या डोक्याशी लावला आणि एक प्रत फाइलमध्ये ठेवायला दिली. ड्यूटी बदलली की नवीन सिस्टर आधी तो वाचायच्या. तुम्ही आजच असा कागद करा.

दुखण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपली मागची पिढी दुखणं लपवते. ‘दुखतंय का?’ असं विचारलं की ‘नाही’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी कूस बदलताना चेहरा बघा, हात खाटेची कड घट्ट धरतो का बघा. दुखणं दाबलेलं नसेल तर झोप लागत नाही, खोल श्वास घेतला जात नाही, चालायची भीती बसते आणि डिलिरियमही वाढतो. मागितल्यावर देण्यापेक्षा दुखण्याची औषधं ठरलेल्या वेळी मिळतील का, आणि फिजिओथेरपीच्या थोडं आधी एक मात्रा देता येईल का, हे विचारा. तीव्र वेदनाशामकांनी पोट घट्ट होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबतच सुरू झालंय ना, तेही बघा.

रात्री जवळ बसताना वाद घालू नका. ‘अगं, तुला काही कळत नाही का’ असं म्हटल्याने भीतीच वाढते. आधी तुमचं नाव आणि नातं सांगा, मग कुठे आहोत आणि का आहोत ते एका वाक्यात. ते पुन्हा पुन्हा सांगावं लागेल. त्या वडिलांना हाका मारतात तेव्हा ‘बाबा गेले ना’ असं दर वेळी सांगू नका. त्या मनःस्थितीत त्यांना ती बातमी पुन्हा नव्यानेच कळते. ‘येतीलच’ असं खोटंही सांगू नका. ‘बाबांची आठवण येतेय का? मी आहे इथे’ एवढं म्हणून हात हातात धरा. माझ्या सासूबाई त्या स्पर्शाने शांत व्हायच्या. भिंतीवर दिसेल असं घड्याळ असू द्या. दिवसा पडदे उघडे आणि रात्री मंद दिवा. रात्रीचे रक्तदाब वगैरे मोजण्याचे फेरे थोडे एकत्र करता येतील का, हेही विचारून बघा, सलग झोप हे मोठं औषध आहे. हात बांधायची वेळ आली असं कोणी म्हणालं, तर आधी विचारा की ती सुई, ती नळी अजून खरंच लागते आहे का. लघवीची नळी गरज संपली की काढायला सांगा, ती जितकी जास्त दिवस राहील तितकी संसर्गाची शक्यता वाढते.

खाटेतून उठवायला घाबरू नका. खुब्याच्या ऑपरेशननंतर बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी बसवतात, उभं करतात. डॉक्टरांना नेमके शब्द वापरून विचारा, ‘ऑपरेशनच्या पायावर पूर्ण वजन टाकायचं ना?’ आणि ‘किती वाकायचं, पाय ओलांडायचा की नाही, याचं काही बंधन आहे का?’ हे ऑपरेशनच्या प्रकारावर अवलंबून असतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणात ठेवलं होतं, तर पायांचं साधारण १ किलो मांस कमी झालं. जखमी माणसाचं तर आणखी वेगाने झिजतं. म्हणून फिजिओथेरपिस्ट दिवसातून एकदा येतात तेवढ्यावर थांबू नका. जेवताना खुर्चीत बसवा. परवानगी मिळाली की कमोडपर्यंत वॉकरने न्या. हे सगळं कसं करायचं ते त्यांच्याकडून समोर शिकून घ्या.

त्वचेकडे रोज एकदा बघा: माकडहाड, टाचा, नितंबांच्या कडा. लालसर डाग दाबून सोडल्यावर पांढरा पडत नसेल, तर तो बेडसोरची सुरुवात समजून लगेच दाखवा. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटरीखाली उशी ठेवतात. खाण्यात प्रथिनं पुरेशी हवीत, आणि घास भरवताना त्या पूर्ण जाग्या, ताठ बसलेल्या हव्यात. अर्धवट झोपेत भरवलेला घास फुप्फुसात जाऊ शकतो.

तुम्हा दोघांबद्दल. डॉक्टरांशी एकानेच बोलायचं, म्हणजे उलटसुलट निरोप होत नाहीत. एक वही ठेवा आणि ती खाटेजवळच राहू द्या: कोण आलं, काय म्हणालं, काय बदललं, लघवी-शौच किती, झोप किती. रात्री आलटून पालटून राहा. मी वडिलांजवळ सलग नऊ रात्री राहिले. दहाव्या दिवशी मी एका साध्या सिस्टरवर ओरडले आणि औषधाची वेळही विसरले. बहीण लांबून येत असेल तर तिला दिवसाचं काम द्या, विम्याची कागदपत्रं, घराची तयारी. तिलाही काहीतरी हाती हवं असतं, नाहीतर ती फोनवरून फक्त चुका काढते आहे असं तुम्हाला वाटत राहील.

घरी जाण्याआधी दोन प्रश्न विचारल्याशिवाय निघू नका. पहिला: त्या पडल्या कशा? पाय घसरला की आधी चक्कर आली? झोपवून आणि मग उभं करून रक्तदाब मोजायला सांगा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल, तर रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांचा फेरविचार व्हायला हवा. दुसरा: हाडं ठिसूळ झाल्याचा उपचार कधी सुरू करायचा? उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडणं हीच ठिसूळ हाडांची खूण आहे. सर्जन मोडलेलं हाड जोडतात, पण पुढचं हाड मोडू नये यासाठीचं औषध अनेकदा कोणीच लिहून देत नाही. वडिलांना दिलं नव्हतं. दीड वर्षाने त्यांचा दुसरा खुबा मोडला. सासूबाईंच्या वेळी मी विचारलं, रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि किडनीचं काम तपासून त्यांना वर्षातून एकदा द्यायचं इंजेक्शन सुरू झालं.

रक्त पातळ ठेवण्याची इंजेक्शनं किंवा गोळ्या किती दिवस चालू ठेवायच्या तेही लिहून घ्या, बऱ्याचदा ती घरी गेल्यावरही साधारण महिनाभर असतात. पोटरीला सूज, अचानक दम लागणं, जखमेतून स्राव, पाय एकदम आखूड किंवा बाहेर वळलेला दिसणं, यांपैकी काही दिसलं तर पुढच्या तपासणीची वाट न बघता थेट घेऊन जा.

तुमच्या प्रश्नात शेवटी एक ओळ आहे, हरवू नये म्हणून आईचं कानाचं यंत्र आणि चष्मा घरीच ठेवलाय. ती ओळ वाचून मी थांबले. त्यांना तीन दिवस नीट ऐकू येत नाही आणि चेहरे दिसत नाहीत. आज संध्याकाळी जाताना दोन्ही घेऊन जा, यंत्राच्या जादा बॅटऱ्याही घ्या. डबीवर आईचं नाव लिहा, आणि रात्री ते कुठे काढून ठेवायचं, सकाळी कोणत्या कानात घालायचं, हे बहिणीला आणि रात्रीच्या सिस्टरना दाखवून ठेवा.