लोण्याऐवजी मिळणारं मार्गारीन, फॅट स्प्रेड वगैरे व्हेगन, म्हणजे दूधतूपसुद्धा न खाणाऱ्या माणसाला चालतं का?

सरसकट नाही चालत. डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचायची. नुसता हिरवा ठिपका बघून घेतलात तर फसाल, मी फसलेय.

झालं काय, दिवाळीत बेंगळूरहून भाची आली, ती व्हेगन झालेली. आम्ही बेळगावची माणसं, पाहुणा आला की आधी दुधाचा कुंदा पुढं करणार, तर तिच्यासाठी म्हणून मी हौसेनं बटरसारखं काहीतरी म्हणून एक डबा आणला, वर हिरवा ठिपका ठळक. पोरीनं डबा फिरवला आणि म्हणाली, मामी, यात मिल्क सॉलिड्स आहेत गं. आता काय बोलणार! आपला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि आपल्या शाकाहारात दूधतूप आलंच की. व्हेगनचं चिन्ह वेगळं असतं, हिरवा व्ही आणि त्याला एक पान, त्याचे नियम एफएसएसएआयनं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेनं, २०२२ मध्ये काढले.

तर मागं मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, मिल्क फॅट यातलं काही दिसलं की ठेवून द्या, सगळं दुधातलंच ते. ॲलर्जीच्या ओळीत 'कंटेन्स मिल्क' लिहिलेलं असतं, ते सगळ्यात पटकन सापडतं. अगदी काटेकोर असाल तर व्हिटॅमिन डी३ पण बघा, ते बऱ्याचदा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात, डी२ चालतं. तसं मार्गारीन जन्मापासूनच व्हेगन नव्हतं म्हणा, १८६९ साली फ्रान्समध्ये पहिल्यांदा केलं ते बैलाची चरबी आणि दूध घालूनच.

गंमत पुढंच आहे. कोपऱ्यावरच्या बेकरीत खारीबद्दल विचारलं तर तो बिचारा चोरी पकडल्यासारखं तोंड करून म्हणतो, "हालु बेण्णे एनू इल्ला री, डालडा." म्हणजे दूध-लोणी काही नाही हो, डालडा. भाची खूश! वनस्पती तूप म्हणजे सगळं तेलच, दुधाचा थेंब नाही. तब्येतीला चांगलं असं मी म्हणत नाही, २०२२ पासून ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम आलाय तरी रोज खायची वस्तू नव्हे ती.

घरी नानकटाई करायची तर पातळ स्प्रेड वापरू नका, त्यात पाणी फार, पसरते सगळी. खोबरेल तेल फ्रिजमध्ये घट्ट करून घ्या. दुधाच्या बटरमध्ये ८० टक्के स्निग्ध असतं, म्हणून १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम तेल पुरतं, उरलेलं चमचाभर पाणी. थंडीत आमच्याकडं बाटलीतच गोठतं, फ्रिजची पण गरज नाही.

आणि भाकरीवर काय? त्याला डबा कशाला लागतोय, शेंगाचटणीत खड्डा करून घाण्याचं शेंगातेल ओतायचं. भाचीनं चार दिवस तेच खाल्लं. तो मिल्क सॉलिड्सचा डबा मीच संपवला, चहा-ब्रेडबरोबर.