वाफेवरून भाताची परीक्षा

प्रश्न : हौस म्हणून नोआ-20 या अमेरिकी हवामान-उपग्रहाच्या रात्रीच्या पासचा (डोक्यावरून गेलेल्या फेरीचा) कच्चा डेटा घेतला आणि न्यूकॅप्स या सॉफ्टवेअरमधून तापमानाचा उभा आलेख काढला. आभाळ निरभ्र होतं. वरचे आकडे जवळच्या हवामान-फुग्याच्या नोंदीशी छान जुळले, जमिनीलगतचे मात्र 5 अंशांनी जास्त आले. सॉफ्टवेअर चुकलं की मी?

उत्तर : बहुधा दोघंही नाही. उपग्रहाकडे थर्मामीटर नसतो. सव्वाआठशे किलोमीटरवरून त्याच्या हाती लागतं ते फक्त खालून येणारं प्रारण. शितावरून भाताची परीक्षा आपण सगळेच करतो. इथे ती नुसत्या वाफेवरून करायची असते.

15 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचं प्रारण कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. त्या पट्ट्याच्या ऐन मध्यावर हवा इतकी अपारदर्शक असते की उपग्रहाला स्थितांबराच्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थराच्या, खालचं काहीच दिसत नाही. मध्यापासून बाजूला सरकावं तसतसे खालचे थर दिसू लागतात आणि 11 मायक्रॉनजवळ थेट जमीन. हा वायू हवेत सगळीकडे जवळपास सारखाच मिसळलेला असतो, म्हणून प्रारणातला फरक बिनदिक्कत तापमानाच्या खात्यावर टाकता येतो. बाष्पाचं तसं नाही, ते जागोजागी बदलतं. म्हणून त्याचा हिशेब नंतर.

तुमच्या उपग्रहावरच्या क्रिस या प्रारण मोजणाऱ्या उपकरणाला 2,211 चॅनेल आहेत, म्हणजे तेवढ्या तरंगलांब्या ते वेगवेगळ्या मोजतं. तेवढ्यात उंचीच्या 100 पातळ्यांचं तापमान सहज निघेल असं वाटतं. पण एकेक चॅनेल काही किलोमीटर जाडीचा थर बघतो आणि हे थर एकमेकांवर चढलेले असतात. साक्षीदार 2,211, पण बरेचसे एकच हकीकत सांगणारे! त्यामुळे एकाच प्रारणाला अनेक आलेख बसू शकतात. सॉफ्टवेअर आधी एक अंदाज धरतं, त्यावरून किती प्रारण यायला हवं होतं ते काढतं, आणि मोजलेल्याशी जुळेपर्यंत अंदाज हलवत राहतं. निरभ्र रात्री जमिनीलगत दोन-तीनशे मीटरचा गार थर साचतो. फुगा त्यातून वर जातो, त्याला तो स्वच्छ कळतो. क्रिसच्या नजरेत तो वरच्या उबदार हवेत मिसळून जातो. तुमचे 5 अंश मला तिथेच गेलेले दिसतात.

वेळही बघा. फुगे साधारण 00 आणि 12 यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेला, म्हणजे आपल्याकडे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचला) सोडतात, तुमचा उपग्रह स्थानिक दीडच्या सुमारास येतो. दोन्ही नोंदी एका वेळच्या नाहीत.

मग क्वालिटी फ्लॅग, म्हणजे आलेख भरवशाचा आहे की नाही हे सांगणारा सॉफ्टवेअरचा आकडा. तो 0 नसेल तर आलेख कितीही देखणा असो, बाजूला ठेवा. न्यूकॅप्स क्रिसचे 9 ठिपके (क्रिसला एकेका नजरेत दिसणारे शेजारशेजारचे तुकडे) एकत्र घेतं आणि त्यांच्यातल्या ढगांच्या कमी-जास्त प्रमाणावरून ढगाचा भाग वजा करतं. नऊही ठिपके सारखेच झाकलेले असले की तुलनेला काही उरतच नाही.

माझी फजिती सांगतो. जुन्या नोआ उपग्रहांच्या डेटावरून मी एकूण बाष्पाचा नकाशा काढत असे. एकदा दमट हवेची कड किनाऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर आत घुसलेली दिसली. समुद्री वाऱ्याचा शोध लागल्याच्या आनंदात मी दोन दिवस टिपणं लिहिली. तिसऱ्या दिवशी 11 मायक्रॉनचं चित्र उघडलं, तर किनारासुद्धा तेवढाच आत! कक्षेची माहिती कित्येक आठवडे बदललीच नव्हती आणि संगणक उपग्रहाला चारेक सेकंद चुकीच्या जागी धरत होता. उपग्रहाखालचा बिंदू सेकंदाला साडेसहा किलोमीटर पळतो. गुणाकार तुम्हीच करा. टिपणं फाडली. तुमच्या उपग्रहाला ही अडचण नाही, तो स्वतःचं स्थान डेटासोबतच पाठवतो. तरी डेटातून काढलेला कुठलाही नकाशा वा आलेख बघण्याआधी 11 मायक्रॉनच्या चित्रावर किनाऱ्याची रेघ टाकून बघायची सवय मी सोडलेली नाही.

आता त्याच जागेचा दुपारचा निरभ्र पास घ्या. उन्हाने खालची हवा घुसळून निघालेली असते, गार थर मोडलेला असतो. फरक तेव्हाही 5 अंशच राहिला तर माझं निदान चुकलं. मग सॉफ्टवेअरला पुरवलेली जमिनीवरच्या हवेच्या दाबाची फाइल कुठल्या तारखेची आहे ते तपासा. आकडे कळवा, पण फ्लॅगसकट.